साध्या मातीच्या चार बरण्या

१

विसाव्या बरणीपर्यंत अंजूचा हात कुठं अडला नव्हता. एकविसाव्या बरणीचं झाकण तिनं उचललं आणि चटका बसल्यासारखं पुन्हा लावून टाकलं.

दहाच्या दहा गांडुळं वर आली होती. झाकणाला पाडलेल्या भोकांपाशी एकमेकांत गुंतून, गाठी मारल्यासारखी आवळून मेली होती. जणू त्यांना मातीत थांबायचंच नव्हतं.

गोंदियाहून कामठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही प्रयोगशाळा आहे. अंजू कापगते तिथं दोन वर्षांपासून कंत्राटी तपासनीस होती. धानावरच्या करप्यासाठी एका कंपनीनं नवं बुरशीनाशक काढलं होतं. ते विकायला येण्याआधी जमिनीतल्या गांडुळांना किती बाधतं, हे चौदा दिवसांत पाहायचं होतं. पाच मात्रा आणि प्रत्येक मात्रेच्या चार बरण्या, अशा वीस. उरलेल्या चार बरण्यांत नुसती माती आणि पाणी. प्रत्येकीत दहा गांडुळं. उजेडात ती वर येत नाहीत, मातीतच राहतात, म्हणून खोलीतले दिवे रात्रंदिवस चालू ठेवलेले. आज सातवा दिवस, म्हणजे पहिल्या मोजणीचा.

कमी मात्रांतली सगळी गांडुळं वळवळत होती. सर्वांत जास्त मात्रेत चाळिसातली अकरा मेली होती. अपेक्षेप्रमाणेच होतं ते. पण बाविसावी बरणीही तशीच निघाली. तेविसावी, चोविसावीही. ज्या मातीत काहीच मिसळलं नव्हतं, तिथं चाळीसपैकी एकही जिवंत नव्हतं.

मागं खणकन आवाज झाला. मदतनीस केवळरामच्या हातातला स्टीलचा ट्रे फरशीवर पडला होता. साठीला टेकलेला हा माणूस आत आल्यापासून मजेत होता. "आज अंगनवाडीत लाल भाजी शिजन, बाई," असं दोनदा सांगून झालं होतं. "आमच्या सुमननं पेरली. पयलीच खुडनी हाय." आता त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"बाई, ह्या त्याच का? साध्या मातीच्या?"

"हो काका."

तो ट्रे उचलायला वाकला नाही. मागं मागं सरकत दाराबाहेर गेला.

पाचच मिनिटांत व्यवस्थापक भुपेंद्र कटरे आले. बरण्यांकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

"माती कुठून आणली होती?"

"कामठ्याची, सर. यादोरावांच्या धानाच्या बांधीतली. नेहमीचीच."

"पक्का?"

"हो, सर."

"तो फिर जला दो सब. बरण्या, माती, सगळं. आत्ताच्या आत्ता!"

"कशालाही हात लागणार नाही," दारातून आवाज आला.

अल्का रामटेके. गुणवत्ता तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या थेट नागपूरच्या मुख्य कार्यालयाला उत्तर देत, कटरेंना नाही. पन्नाशीची, बारीक अंगाची, हळू बोलणारी बाई. पण त्या समोर आल्या की प्रयोगशाळेतली माणसं आधी आपल्या नोंदवह्या आठवत. त्यांनी टेबलावरचा तक्ता उचलला आणि खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"या चार बरण्या तुम्ही भरल्या, कापगते?"

अंजूनं आपल्याच सहीकडे पाहिलं.

"हो, मॅडम," ती म्हणाली. आणि ते खोटं होतं.

२

अल्काताईंनी बैठकीच्या खोलीत खुर्ची घेतली आणि अंजूच्याच हातात वही दिली. "तुम्ही लिहा. लिहिणारा माणूस कमी बोलतो नि जास्त ऐकतो."

अंजू लिहू लागली. समोरच्या भिंतीवर कटरेसरांचा फोटो होता. हातात फावडं, भोवती बेलाटोल्याच्या अंगणवाडीतली लेकरं, मागं फलक: 'परसबागेसाठी सुपीक माती भेट'. फोटोतली मुलं तिच्याकडेच पाहताहेत असं वाटून तिनं नजर खाली वळवली.

पहिल्यांदा राखी टेंभरे आली. अंजूच्याच बरोबरीची. ही चाचणी आपल्याला मिळावी म्हणून तिनं बरीच धडपड केली होती.

"माझ्यावरच संशय येणार, मला माहीत आहे," ती बसायच्या आधीच म्हणाली. "साध्या बरण्यांतली गांडुळं मेली की सगळी चाचणी रद्द. अंजूचं नाव खराब, मग काम माझ्याकडे. असंच ना? पण मी आठवडाभर पाण्याच्या विभागात आहे. या खोलीची चावी माझ्याकडे नसते. कोणी केलं असेल, मॅडम?"

"इथं कोणाचं कोणाशी वाजलं होतं का?"

"नाही. दोन आठवड्यांपूर्वी फाटकावर केवळरामची बायको आली होती, तेवढंच. तीन कोंबड्या मेल्या म्हणून रडत होती. कटरेसरांनी साप असेल म्हणून परत पाठवलं."

मग चंद्रकुमार बघेले आले. बुरशीनाशकाच्या कंपनीचे प्रतिनिधी. बुधवारी त्यांनी चाचणीची खोली आतून पाहिली होती.

"दहा मिनिटं होतो मी आत," ते म्हणाले. "केवळराम सोबत होता. आणि मॅडम, मी माझ्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ? आमचं औषध चांगलं निघत होतं! आता पुन्हा पहिल्यापासून. कोणी केलं हे, ते तरी कळेल का?"

"कळेल," अल्काताई म्हणाल्या. "केवळरामला बोलवा."

केवळराम सापडला नाही. डबा त्याच्या खणात होता. फोनही तिथंच पडून वाजत होता, पडद्यावर 'सुमन' असं नाव. पहारेकरी म्हणाला, "तो तं कवाचाच गेला, जी. सायकल घेऊन, चप्पलबी न घालता. मी हाका मारल्या, त्यानं पायलंबी नाई."

"संपलं!" कटरेसर व्हरांड्यातूनच ओरडले. "पळाला म्हणजे त्यानंच केलं. पोलिसांना फोन लावतो मी."

अंजूनं वही मिटली. केवळराम कशामुळे पळाला असेल, त्याचं निम्मं कारण तिला ठाऊक होतं.

३

अल्काताई तिला पुन्हा चाचणीच्या खोलीत घेऊन गेल्या आणि दार लावून घेतलं. आत दिव्यांची गुणगुण तेवढी होती.

"बघा, कोणी चिठ्ठ्या बदलल्या असतील का? औषधाच्या बरण्यांना साध्या मातीच्या चिठ्ठ्या?"

"नाही, मॅडम. तसं असतं तर जास्त मात्रेच्या बरण्यांत एकही मेलं नसतं. तिथं अकरा मेलीत."

"बरोबर. म्हणजे बुरशीनाशक जिथं असायला हवं तिथंच आहे. मग या चाळिसांना कशानं मारलं?" त्यांनी चिमट्यानं एक गाठ उचलली. "बुरशीनाशकानं मेलेली गांडुळं ढिली पडलीत. ही आवळलीत, फुगलीत. हे दुसरंच काहीतरी आहे, आणि फार जहाल आहे. बाहेरून येऊन कोणी टाकलं म्हणावं, तर चारही बरण्यांत तळापासून वरपर्यंत सारखं कसं मिसळणार? दहा मिनिटांत ते होत नाही."

त्यांनी भिंग काढलं आणि बरणीच्या काठाशी धरलं. काठभर फिरवलं. मग भिंग अंजूच्या हातात दिलं.

मातीच्या पृष्ठभागावर केसाएवढे बारीक कोंब होते. देठ लालभडक. सात दिवसांच्या अखंड उजेडात उगवून आलेले.

"बाकीच्या वीस बरण्यांत असा एकही नाही," अल्काताई म्हणाल्या. "म्हणजे ही माती वेगळी आहे, आणि ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. कापगते, या चार बरण्या तुम्ही भरलेल्या नाहीत."

अंजूला रडू आलं नाही. ती स्टुलावर बसली.

"त्या दिवशी परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख होती, मॅडम. पाच वाजता खिडकी बंद होणार होती. औषधाच्या वीसही बरण्या मी केल्या. उरलेल्या चारांत नुसतं पाणीच मिसळायचं होतं. काका म्हणाले, 'जा बाई तू, मी करतो.' मी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सही केली."

"आणि मातीचं काय झालं?"

"मला माहीत नाही. दोन पोती होती."

दुसरं पोतं मागच्या पडवीत सापडलं. छताच्या गळतीखाली भिजून त्याला बुरशी चढली होती, कडेला सारून ठेवलेलं होतं. माती कमी पडली होती, आणि केवळरामनं ती दुसरीकडून आणली होती. कोणाला विचारलं असतं, तर अंजू जागेवर नाही हे उघड झालं असतं.

"त्यानं तुम्हाला वाचवायला पाहिलं," अल्काताई म्हणाल्या. "आता सांगा, हे लाल देठाचं काय आहे?"

अंजूनं पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. तिच्या बापाच्या शेताच्या कडेला हे रोप दरवर्षी उगवायचं. तिनं भिंग खाली ठेवलं.

"लाल भाजी," ती पुटपुटली. "मॅडम, अंगणवाडीच्या वाफ्यातली माती आहे ही. आज तिथं लाल भाजी शिजणार आहे."

४

अल्काताईंच्या जुन्या गाडीत बसताना घड्याळात दहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. बेलाटोला चार किलोमीटर. अंगणवाडीत जेवण अकराच्या सुमारास वाढतात.

केवळरामची बायको सुमनबाई अंगणवाडीत स्वयंपाक करायची. अंजू तिचा फोन लावत राहिली. वाजत होता, कोणी उचलत नव्हतं.

"पण मॅडम, माती एवढी विषारी असती तर भाजी जळून गेली असती ना? कोंब तर टवटवीत आहेत."

"तेच तर वाईट आहे." अल्काताईंची नजर रस्त्यावरून हलली नाही. "धानात पूर्वी दाणेदार औषधं टाकायचे, खोडकिड्यासाठी. त्यांतल्या काहींवर आता बंदी आहे. झाडाला काही होत नाही त्यांनी. झाड ते मुळातून ओढून घेतं. पानात चढतं. कीड पान खाते आणि मरते."

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

दोन्ही बाजूंनी निसवायला आलेला धान उभा होता. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या. अल्काताईंनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. अंजूच्या डोळ्यांपुढं भिंतीवरच्या फोटोतले चेहरे येत होते. पुढच्या रांगेत बोटात बोट अडकवून उभी असलेली झिपरी पोरगी.

बेलाटोल्याच्या तोंडाशी पोचताच त्यांना आरडाओरडा ऐकू आला. पुरुषांचे आवाज, मध्येच बायकांचे हंबरडे. आणि लहान मुलांचं रडणं, एकाच वेळी कितीतरी मुलांचं.

५

अंगणवाडीच्या आवारात तीस-चाळीस माणसं गोळा झाली होती. पायरीवर मोठं पातेलं उलटं पडलं होतं आणि खिचडी मातीत पसरली होती. तांबूस, लाल पानांची. पलीकडचा वाफा पार उखडलेला. रोपं मुळासकट उपटून ढीग घातला होता. कुजक्या लसणासारखा वास हवेत भरला होता.

ढिगाशेजारी केवळराम आडवा पडला होता. एकानं त्याच्यावर काठी उगारली होती.

"पिऊन आला आन् लेकरायच्या तोंडचं सांडवलं सायानं!"

"थांबा!" अंजू मध्ये घुसली. स्वतःचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "प्यायलेले नाहीत ते! विष चढलंय त्यांना!"

काठी खाली आली. माणसं दोन पावलं मागं हटली.

केवळरामच्या तोंडातून लाळ गळत होती. अंग घामानं चिंब, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. शेजारी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी उघडी पडली होती. तसल्याच हातानं खर्रा तोंडात टाकला होता त्यानं. अल्काताईंनी त्याची पापणी वर केली. भर उन्हात आकसते त्याहूनही बारीक, टाचणीच्या टोकाएवढी बाहुली.

"उघड्या हातानं कोणी शिवू नका. पिशव्या घाला हातात. शर्ट काढा, साबणानं धुवा याला. गाडी कोणाकडे आहे?"

सुमनबाई भिंतीला टेकून उभी होती. "मले म्हने, खाऊ नको देऊ, खाऊ नको देऊ. मी म्हटलं, काऊन? त्याले सांगताच येईना. मंग गंजच उलटा केला. आन् वाफ्यात जाऊन भाजी उपटत बसला, वेड्यावानी."

"कोणी खाल्लं का?" अंजूनं विचारलं. "काकू, नीट आठवा. किती लेकरांनी?"

"पाचायले वाढलं होतं. दोन-दोन घास खाल्ले असन. आन् मी मीठ पाहाले चाखलं."

हे ऐकून एका बाईनं आपल्या पोरीला उचलून असं आवळलं, की पोरगी घुसमटून रडू लागली. तीच झिपरी पोरगी. तिच्या हनुवटीवर खिचडीचं लाल शीत चिकटलेलं होतं.

६

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात सहा खाटा लागल्या, सातवी केवळरामची. त्याला पहिलं इंजेक्शन लगेच दिलं. तरुण डॉक्टर घाईघाईनं बाहेर आले.

"नेमकं कोणतं विष आहे? दोन जातींची विषं वरून सारखीच दिसतात. एकीला दुसरं औषधही द्यावं लागतं, दुसरीला ते देऊन चालत नाही. अंदाजानं द्यायचं का मी? पोरं आहेत."

अल्काताईंनी व्हरांड्याच्या टोकाकडे पाहिलं. भुपेंद्र कटरे तिथं उभे होते. मागोमाग आपल्या गाडीनं आले होते, पण खोलीत पाऊल टाकत नव्हते.

"कटरे, नाव सांगा."

"मला काय माहीत? उस पागल ने कहाँ से उठाई मिट्टी..."

"तुम्ही दिलेलीच उचलली." अल्काताईंचा आवाज चढला नाही. "आज सकाळपासून प्रत्येकानं मला एकच विचारलं, कोणी केलं? राखीनं विचारलं, बघेलेंनी विचारलं. तुम्ही एकट्यानं विचारलं, माती कुठून आणली? तेव्हा मातीवर कोणाचाच संशय नव्हता. आणि उत्तर ऐकल्यावरसुद्धा सगळं जाळायला निघालात. मी दारातच होते."

कटरेंनी खिशातली गाडीची चावी चाचपली.

"तीन वर्षांपूर्वी आपल्याकडे तीन दाणेदार औषधांच्या चाचण्या झाल्या. प्रत्येकाची उरलेली माती आणि दाणे वेगळ्या ड्रमात सीलबंद होते. विल्हेवाटीची गाडी येईपर्यंत ते हलवायचे नव्हते. जुलैत तपासणी आली तेव्हा कोठार रिकामं होतं. तुम्ही मला सांगितलं, गाडी येऊन गेली. पोच मागितली, तर उद्या देतो म्हणालात. त्याच आठवड्यात तुम्ही अंगणवाडीला सुपीक माती भेट दिलीत. फोटो लावलात. पुढं सुमनबाई कोंबड्या मेल्या म्हणून फाटकावर आली, तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तिला साप सांगून परत पाठवलंत."

"तीन साल हो गये थे," कटरे भिंतीकडे बघत म्हणाले. "मला वाटलं, त्यातलं सगळं उडून गेलं असेल. शेणखत मिसळलं होतं..."

"आणि कोंबड्या मेल्यावर?"

आतून एका मुलाच्या ओकारीचा आवाज आला आणि पाठोपाठ आईची किंकाळी.

अंजू पुढं झाली. दोन वर्षांत ती या माणसापुढं कधी मान वर करून बोलली नव्हती.

"सर, खोटी सही मीपण केली आहे. माझी नोकरी जाईल, जाऊ द्या. पण आत पाच लेकरं आहेत. अंगणवाडीत कोणता ड्रम गेला तेवढं सांगा. बाकी काही विचारत नाही मी तुम्हाला."

कटरेंनी तोंडावरून हात फिरवला. मग नाव बाहेर पडलं. डॉक्टर ते ऐकून आत धावले.

७

मुलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसून बिस्किटं मागू लागली. सुमनबाईलाही घरी सोडलं. केवळरामला मात्र शुद्धीवर यायला तीन दिवस लागले.

अंजू त्याच्या उशाशी बसली होती. तो छताकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या कोनाच्या मातीवर मले भरोसा नव्हता, बाई. कोन का टाकते बांधीत, का मालूम? म्हटलं, अंगनवाडीच्या वाफ्यातली ही तं आपल्याच लॅबची, सायबानं देलेली. चांगलीच असन. आन् त्या दिशी बरण्या पायल्या. मले आठवलं, आज पयली खुडनी." त्यानं डोळे मिटले. "तू गेलती हे कोनाले सांगू नको. मी बी नाई सांगत."

"सांगून झालं, काका. लेखी दिलं."

त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. "कायले, पोरी?" एवढंच म्हणाला.

कटरेंना पोलीस घेऊन गेले. प्रयोगशाळेला सील लागलं. अंजूचं कंत्राट खोट्या सहीबद्दल रद्द झालं, आणि तो शेरा अल्काताईंनीच लिहिला. शेरा लिहून त्यांनी तिला चहा पाजला. म्हणाल्या, "मला हे लिहावंच लागलं." अंजू म्हणाली, "मला ठाऊक आहे." दोघींनी चहा संपवला.

बेलाटोल्यात तोंड बांधलेली माणसं आली आणि वाफ्यातली माती हातभर खोल खणून पिंपांत भरून घेऊन गेली. अंगणवाडी विहाराच्या सभागृहात हलवली. पण गावाची भीती त्या पिंपांतून गेली नाही. बाया घरच्या परसातली वांगी तोडेनात. कोणी हातपंपाचं पाणी वास घेऊन पिई. सभागृहात रोज खिचडी शिजे आणि रोज तशीच उरे. आया लेकरांना दारापर्यंत आणत, त्यांचा हात धरून उभ्या राहत आणि जेवायच्या वेळेला परत घेऊन जात. सुमनबाईला कोणी काही बोललं नाही, पण तिच्या हातचं कोणी खाईना.

दहाव्या दिवशी अंजू मोरगाव अर्जुनीकडच्या आपल्या गावाहून एसटीनं आली. सोबत आईनं, सुमित्राबाईनं, भरून दिलेली पिशवी होती. घरच्या शेतातले दोडके आणि अंबाडी. सुमनबाईनं ते निवडलं, चिरलं, शिजवलं.

ताटं मांडली गेली. दाराशी नेहमीसारख्या आया उभ्या. त्या झिपऱ्या पोरीची आई सर्वांत पुढं.

"तुमच्या मातीत का हाय, कोनाले मालूम?" ती म्हणाली. "त्यानंबी चांगलीच माती म्हनून देली होती."

भाजी तपासून आणली आहे असं अंजूला सांगता आलं असतं, पण ते खरं नव्हतं. आणि खोटं बोलून काय होतं, ते तिनं पाहिलं होतं.

"मला एवढंच माहीत आहे, वयनी, की आमच्या घरी काल रात्री हेच खाल्लं," ती म्हणाली.

मग ती मुलांच्या रांगेत मांडी घालून बसली. सुमनबाईनं तिच्या ताटात वाढलं. सगळ्यांची नजर आपल्या हातावर आहे हे अंजूला जाणवत होतं. आपल्याच बापाच्या शेतातली भाजी, तरी पहिला घास तिनं लहानच घेतला. तिनं तो चावला. गिळला. दुसरा घेतला.

बाहेर एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज विरेपर्यंत सगळ्या आया तशाच उभ्या होत्या. अंजू खात राहिली. अर्धं ताट संपलं.

झिपऱ्या पोरीच्या आईनं पोरीचा हात सोडला.

"जाय, बस," ती म्हणाली. आणि स्वतःही येऊन तिच्या शेजारी बसली.